मराठी मिडीयमवाल्यांनी एरर स्पॉटिंगची प्रॅक्टिस अशी करा

एरर स्पॉटिंग म्हणजे तुकडे पाडलेल्या इंग्रजी वाक्यात चूक कुठल्या भागात आहे ते ओळखायचं, आणि कुठंच नसेल तर 'नो एरर' निवडायचं. यात आपल्याकडच्या पोरापोरींचे मार्क जातात ते कानावर भरवसा ठेवल्यामुळे, हे आधीच सांगून टाकतो. जळगावची अभ्यासिका घ्या, धुळ्याची घ्या, नाहीतर शहादा-तळोद्याच्या पोरांचा व्हॉट्सॲप ग्रुप घ्या, सगळीकडे पद्धत एकच, प्रश्न आला की वाक्य मनात दोनदा वाचायचं, जिथं खटकलं तिथं टिक करायचं आणि का विचारलं तर म्हणायचं, "आयकाले बरोबर नई वाटस ना भो." ज्याच्या घरात लहानपणापासून इंग्रजी बोललं जातं त्याचं हे चालून जातं, त्याचा कान तयार असतो. आपला कान तयार झालाय तो 'डिस्कस अबाउट', 'कझिन ब्रदर', 'रिटर्न बॅक' असलं ऐकून. पेपर काढणारा नेमकं तेच वाक्यात टाकतो, आपल्याला ते एकदम ओळखीचं वाटतं आणि जे खरंच बरोबर आहे ते खटकायला लागतं.

मार्कांचा हिशोब बघा म्हणजे मी एवढा जोर का देतोय ते कळेल. एसएससी (केंद्राचं स्टाफ सिलेक्शन कमिशन) च्या पदवीवरच्या सीजीएल आणि बारावीवरच्या सीएचएसएल परीक्षेत टियर वनला, म्हणजे पहिल्या टप्प्याला, १०० प्रश्न, २०० मार्क, ६० मिनिटं, त्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, प्रत्येकी २ मार्क आणि चुकलं की अर्धा मार्क कट. सीजीएलच्या टियर टूला इंग्रजी ४५ प्रश्नांचं, १३५ मार्कांचं, आणि तिथं एका चुकीला पूर्ण १ मार्क जातो. बँक भरतीच्या आयबीपीएस पीओ आणि क्लार्कच्या प्रिलिमला, म्हणजे पूर्व परीक्षेला, इंग्रजीचे ३० प्रश्न आणि हातात फक्त २० मिनिटं. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते आणि निगेटिव्ह मार्किंग नव्हतं, म्हणजे ज्याने थोडी तयारी केली त्याला उघड फायदा. एमपीएससीच्या गट ब आणि गट क मुख्य परीक्षेतही मराठीसोबत इंग्रजी आहेच. एरर स्पॉटिंगचे प्रश्न कधी जास्त येतात कधी कमी, पण हाच अभ्यास सेंटेन्स इम्प्रूव्हमेंट (वाक्य सुधारा), रिकाम्या जागा, क्लोज टेस्ट (उताऱ्यातले गाळलेले शब्द भरा) सगळीकडे कामाला येतो, त्यामुळे यावर घातलेला वेळ फुकट जात नाही.

इथं मी इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहितोय, वहीत मात्र ती इंग्रजी अक्षरांतच उतरवून घ्या, पेपरात डोळ्यांसमोर तीच येणारेत.

आता मुख्य काम. वाक्य तपासायचा एक क्रम ठरवा आणि प्रत्येक वाक्याला तोच क्रम लावा. ठिबकला पाणी येत नसलं की आपण व्हॉल्व्हपासून सुरू करून लॅटरलपर्यंत बघत जातो, वाटेल तिथं उकरत बसत नाही, तसंच इथं. माझा क्रम असा आहे, आधी क्रियापद आणि त्याचा कर्ता, मग काळ, मग जोडीने येणारे शब्द, मग प्रीपोझिशन ('टु', 'फॉर', 'विथ' असले शब्द), मग आर्टिकल ('अ', 'ॲन', 'द') आणि नाम, शेवटी विशेषणाची तुलना. तुम्हाला दुसरा क्रम जमला तर तो ठेवा, फक्त रोज बदलू नका.

एक वाक्य घेऊन हळूहळू बघू. 'द क्वालिटी ऑफ द बनानाज / सेंट फ्रॉम रावेर टु दिल्ली / वेअर नॉट अप टु द मार्क / नो एरर'. कानाने वाचणारा दुसऱ्या भागावर अडकतो, त्याला 'सेंट' च्या आधी 'वेअर' पाहिजे असं वाटतं, आणि तो तिथं टिक करून पुढं जातो. क्रमाने जाणारा आधी विचारतो की या वाक्याचं खरं क्रियापद कुठलं, म्हणजे ज्याच्याशिवाय वाक्य पूर्ण होत नाही ते. ते आहे 'वेअर'. 'सेंट' हे फक्त केळ्यांबद्दल माहिती देतंय, 'रावेरहून दिल्लीला पाठवलेली केळी' एवढंच. मग पुढचा प्रश्न, काय चांगलं नव्हतं? क्वालिटी. क्वालिटी एकवचन, म्हणून 'वॉज' पाहिजे, चूक तिसऱ्या भागात. 'बनानाज' हे अनेकवचन मुद्दाम क्रियापदाच्या जवळ आणून ठेवलंय, जेणेकरून तुम्ही जवळच्याच शब्दाला कर्ता समजाल. यासाठी एक सवय लावा, 'ऑफ', 'ॲज वेल ॲज', 'अलाँग विथ', 'टुगेदर विथ', 'इन ॲडिशन टु' यांच्यापासून सुरू होणारा तुकडा पेन्सिलने कंसात टाका आणि उरलेलं वाक्य वाचा. सुरुवातीला वेळ लागतो, पुढे डोळेच कंस टाकायला लागतात.

फक्त 'ऑफ' चे काही प्रकार वेगळे आहेत ते पाठच पाहिजेत. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर', पण 'द नंबर ऑफ स्टुडंट्स इज'. 'वन ऑफ द' च्या पुढे नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी, 'वन ऑफ द ट्रेन्स इज लेट'. पण मध्ये 'हू' आला की 'हू' च्या पुढचं क्रियापद अनेकवचनी होतं, 'ही इज वन ऑफ द टीचर्स हू टीच विदाउट नोट्स', कारण 'हू' त्या सगळ्या टीचर्सना लागतो. 'ईच ऑफ', 'नायदर ऑफ' ला एकवचन. 'मेनी अ' ला पण एकवचन, 'मेनी अ फार्मर हॅज', ऐकायला कितीही विचित्र वाटलं तरी. 'आयदर-ऑर' आणि 'नायदर-नॉर' असलं की क्रियापदाच्या जवळचा कर्ता बघायचा. एवढं जमलं तरी या भागातले बरेचसे प्रश्न सुटतात.

कर्ता-क्रियापदाची ही चूक आपल्या भागातल्या पोरांना जरा जास्तच छळते, आणि त्याला कारण आहे. घरी अहिराणी बोलणाऱ्याच्या तोंडात 'मी जास, तू जास, तो जास' असं बसलेलं असतं, एकवचनात माणूस बदलला तरी क्रियापद तेच. मग 'आय गो, यू गो, ही गो' हे आतून चुकीचं वाटतच नाही. यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, ती आपल्या भाषेची रीत आहे आणि ती छान आहे, फक्त इंग्रजीचा पेपर सोडवताना तिसऱ्या माणसाचा 'एस' मुद्दाम शोधायचा हे डोक्यात पक्कं ठेवायचं.

मराठीतून येणाऱ्या बाकीच्या चुका पण ओळखून ठेवा, कारण तुमच्या बहुतेक चुका इथंच सापडतील. मराठीत आपण म्हणतो 'मी दोन वर्षांपासून तयारी करतोय', त्यावरून 'आय ॲम प्रिपेअरिंग सिन्स टू इयर्स' तयार होतं आणि त्यात एकाच वेळी दोन चुका आहेत. मागे सुरू झालेलं काम आत्तापर्यंत चालू असेल तर 'हॅव बीन प्रिपेअरिंग', आणि कालावधी असेल तर 'फॉर', सुरुवातीची तारीख, वार, साल असेल तर 'सिन्स'. म्हणजे 'फॉर टू इयर्स', पण 'सिन्स २०२३'. दुसरं, 'तो येईल तर मी जाईन', मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ चालतो, इंग्रजीत 'इफ', 'व्हेन', 'अनटिल', 'ॲज सून ॲज' च्या तुकड्यात 'विल' घालत नाहीत, 'इफ ही कम्स, आय विल गो'. तिसरं तर अजूनच फसवं आहे, 'जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत थांबा' याच्यात आपल्याकडे 'नाही' लागतोच, म्हणून 'वेट अनटिल ही डज नॉट कम' आपल्याला एकदम बरोबर वाटतं. 'अनटिल', 'अनलेस' आणि 'लेस्ट' यांच्या पोटातच नकार आहे, पुढे परत 'नॉट' दिसला की चूक तिथंच. 'लेस्ट' नंतर 'शुड' येतो हे पण लगेच लिहून ठेवा.

'चर्चा कशाबद्दल', 'लग्न कोणाशी', 'आत शिरला', 'गावाला पोचला', मराठीत प्रत्येकाला काहीतरी प्रत्यय किंवा जोडशब्द आहे, म्हणून आपण इंग्रजीतही चिकटवतो. 'डिस्कस', 'मॅरी', 'एंटर' (खोलीत वगैरे शिरायचं असेल तेव्हा), 'रीच', 'रिझेम्बल', 'अकंपनी', 'ऑर्डर' ही क्रियापदं सरळ पुढचा शब्द घेतात, मध्ये काही नाही. उलट 'लिसन' ला 'टु' लागतोच. 'पेक्षा' म्हटलं की आपल्याला 'दॅन' आठवतो, पण 'सुपीरियर', 'इन्फीरियर', 'सिनियर', 'ज्युनियर', 'प्रिफर' यांना 'टु' लागतो. 'मोअर बेटर' दिसलं की विचारच करायचा नाही, 'मोअर' काढून टाका. नातेवाइकांमध्ये आपल्याकडे मामेभाऊ, आतेबहीण असं सगळं वेगवेगळं असल्यामुळे 'कझिन ब्रदर' म्हणावंसं वाटतं, इंग्रजीत नुसतं 'कझिन' पुरतं. 'पोलीस आला' आपण म्हणतो, इंग्रजीत 'पोलीस' अनेकवचनी, 'द पोलीस हॅव अरेस्टेड'. आणि 'न्यूज' च्या शेवटी 'एस' असूनही एकवचन. 'फर्निचर', 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'लगेज', 'इक्विपमेंट', 'सीनरी' यांना 'एस' लावलेला दिसला तर लगेच पकडा.

विचारलेला प्रश्न वाक्याच्या आत आला की त्याची रचना सरळ होते, हे पण पेपरात वारंवार येतं. 'आय आस्क्ड हिम व्हेअर वॉज ही गोइंग' चूक, 'व्हेअर ही वॉज गोइंग' बरोबर.

आर्टिकल हा आपला सगळ्यात कच्चा भाग, मराठीत ती वस्तूच नाहीये. सगळे नियम एकदम पाठ करायला जाऊ नका. पहिल्यांदा 'अ' आणि 'ॲन' उच्चारावर ठरतात हे पक्कं करा, स्पेलिंगवर नाही. 'अ युनिव्हर्सिटी', 'अ युरोपियन', पण 'ॲन ऑनेस्ट मॅन', 'ॲन अवर', 'ॲन एमएलए', 'ॲन एसटी बस'. मग 'द', आणि तो आपल्याच नकाशावर शिका म्हणजे विसरणार नाही. नदीला 'द' लागतो, 'द तापी', 'द गिरणा', समुद्राला लागतो, 'द अरेबियन सी', डोंगररांगेला लागतो, 'द सातपुडा रेंज', आणि गावाला लागत नाही, नुसतं 'अमळनेर', नुसतं 'भुसावळ'.

जोडीने येणारे शब्द म्हणजे फुकटचे मार्क. 'नो सूनर' दिसला की 'दॅन' शोधा, 'हार्डली' किंवा 'स्केअर्सली' दिसला की 'व्हेन', 'नॉट ओन्ली' ला 'बट ऑल्सो', 'बोथ' ला 'अँड', 'दो' किंवा 'ऑल्दो' असेल तर पुढे 'बट' नको. क्रमात जोडी तिसरी असली तरी एवढा एक अपवाद ठेवा, जोडीतला पहिला शब्द दिसला की बाकी वाक्य न वाचता आधी दुसरा शोधायचा, चूक तिथं नसली तर मग वरचा क्रम लावायचा. 'लुक फॉरवर्ड टु' आणि सवय असलेल्या अर्थाचा 'बी यूज्ड टु' यांच्या पुढे 'इंग' वालं रूप येतं, हे दोन पण याच वहीत.

आता रोजची प्रॅक्टिस. पहिले काही दिवस टॉपिकप्रमाणे सोडवा, पण त्यातच अडकून राहू नका. प्रीपोझिशनचा चॅप्टर उघडला की चूक प्रीपोझिशनमध्येच असणार हे तुम्हाला आधीच माहीत असतं, त्यामुळे मार्क भरपूर पडतात आणि आपल्याला सगळं येतंय असं वाटायला लागतं, पेपरात मात्र कोणी सांगत नाही की चूक कुठल्या चॅप्टरची आहे. म्हणून एक टॉपिक झाला की लगेच एसएससीच्या जुन्या पेपरांतले मिक्स प्रश्न घ्या. सोडवताना नुसता ऑप्शन लिहू नका, दुरुस्त केलेला शब्द लिहा आणि शेजारी कारण एका ओळीत, मराठीत लिहा, अहिराणीत लिहा, पण लिहा. ऑप्शन बरोबर आला आणि कारण सांगता आलं नाही तर तो प्रश्न चुकला असंच धरायचं. हे कडक वाटेल, पण याच्याशिवाय तुक्का आणि अभ्यास यातला फरक तुमचा तुम्हालाच कळणार नाही.

चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही करा. आधी चुकलेलं वाक्य, समोर बरोबर वाक्य, आणि त्याच्यापुढे माझं का चुकलं. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, तिथं फक्त नियमाचं नाव लिहून भागत नाही. 'कर्ता चुकीचा धरला', 'ऐकून टिक केलं', 'नियमच माहीत नव्हता', 'नो एरर ला घाबरलो', 'घाईत शेवटचा भाग वाचलाच नाही', असं खरं काय झालं ते लिहा. दर रविवारी ही कारणं मोजा. नियम माहीत नव्हता हे जास्त निघालं तर पुस्तकाकडे जा, ऐकून टिक केलं हे जास्त निघालं तर नवीन पुस्तक घेऊन काही उपयोग नाही, क्रम पाळायला लागेल. वहीतली वाक्यं आठवड्याने परत सोडवा, महिन्याने परत एकदा. वहीच्या पानांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवले तर अमळनेर-जळगाव पॅसेंजरमध्ये, स्टँडवर गाडीची वाट बघताना पण काम होतं, आणि घरी कापूस वेचणीचे दिवस असले, अभ्यासाला सलग वेळ मिळत नसला, तर तेवढ्यावरही गाडी चालू राहते.

माझ्या मते सगळ्यात भारी प्रॅक्टिस म्हणजे चांगलं वाक्य मुद्दाम बिघडवणं. इंग्रजी वर्तमानपत्रातला किंवा पीआयबीच्या (केंद्र सरकारच्या बातम्या देणारं खातं) साइटवरचा एक पॅरेग्राफ घ्या, पीआयबी फुकट आहे आणि भाषा सरळ असते, त्यातल्या पाच वाक्यांत प्रत्येकी एक चूक घाला आणि पार्टनरला द्या, त्याची तुम्ही घ्या. चूक अशी घालायची की समोरच्याला पटकन दिसू नये. एकदा का तुम्ही स्वतः कर्ता आणि क्रियापदात लांब तुकडा घुसवून फसवायला शिकलात की पेपर काढणारा कुठं काय लपवतो ते आपोआप दिसायला लागतं. पार्टनर नसेल तर आज बिघडवा आणि चार दिवसांनी स्वतःच शोधा.

टेलिग्रामवरच्या पीडीएफबद्दल एक सांगतो, त्यातल्या बऱ्याच उत्तरपत्रिका चुकलेल्या असतात आणि पोरं चुकीचं उत्तर बरोबर मानून नवीनच नियम तयार करतात. शंका आली तर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या ऑनलाइन लर्नर्स डिक्शनरीत तो शब्द टाका, तिथं शब्दासोबत वापरलेली वाक्यं असतात, कुठलं प्रीपोझिशन लागतं ते लगेच समजतं. शंभर नियम, दीडशे नियम असले व्हिडिओ एका बैठकीत बघून काही राहत नाही, त्यापेक्षा तेवढ्या वेळात तीस वाक्यं कारणासकट सोडवा.

टायमर लगेच लावू नका. क्रम अंगवळणी पडेपर्यंत एका वाक्याला दोन मिनिटं लागली तरी लागू द्या. नंतर दहा वाक्यांना पाच-सहा मिनिटं असं आणत जा.

'नो एरर' बद्दल खूप भीती असते, चूक शोधायला सांगितलंय म्हणजे चूक असणारच असं वाटतं. 'हार्डली हॅड द ट्रेन लेफ्ट भुसावळ व्हेन इट स्टार्टेड रेनिंग', हे वाक्य पूर्ण बरोबर आहे, पण 'हॅड' कर्त्याच्या आधी बघून कितीतरी जण पहिल्या भागावर टिक करतात. क्रमातली एकेक पायरी बघून झाली, कुठंच काही सापडलं नाही, तर सरळ 'नो एरर' करा आणि पुढं चला. दोन भागांत अडकलात तर ज्या भागातली दुरुस्ती तुम्हाला शब्दात सांगता येते तो निवडा. टियर वनला बरोबर आलं तर २ मिळतात आणि चुकलं तर अर्धाच जातो, त्यामुळे दोनावर आलेला प्रश्न सोडू नका, काहीच कळत नसेल तर मात्र त्यावर वेळ घालवू नका.

आता ही सहा वाक्यं करून बघा, उत्तरं खाली आहेत, आधी कागदावर कारण लिहा.

'नो सूनर डिड द बस रीच चोपडा व्हेन द पॅसेंजर्स गॉट डाउन.'
'द कलेक्टर ॲज वेल ॲज हिज ऑफिसर्स वेअर प्रेझेंट ॲट द मीटिंग.'
'अनलेस यू डू नॉट वर्क हार्ड, यू विल नॉट पास.'
'ही इज सिनियर दॅन मी बाय थ्री इयर्स.'
'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू आफ्टर द एक्झाम.'
'माय फादर हॅज ग्रोन कॉटन इन दिस फील्ड फॉर ट्वेंटी इयर्स.'

पहिल्यात 'व्हेन' च्या जागी 'दॅन'. दुसऱ्यात 'ॲज वेल ॲज' चा तुकडा कंसात टाकला की कर्ता एकटा कलेक्टर उरतो, म्हणून 'वॉज'. तिसऱ्यात 'डू नॉट' काढा. चौथ्यात 'टु मी'. पाचव्यात 'मीटिंग'. सहाव्यात काहीच चूक नाही, वीस वर्षं हा कालावधी आहे म्हणून 'फॉर' आणि काम अजून चालू आहे म्हणून 'हॅज ग्रोन', दोन्ही बरोबर.